जाताना वीस, येताना साठ

गौरी-गणपतीला गावी जाता ना? मग यंदा एक करा. गौरी-विसर्जनाच्या आदल्या रात्री आरती आटोपली, की खळ्यात उभे राहा आणि आपल्या वाडीतल्या किती घरांत उजेड आहे ते मोजा. पंधरा, वीस, जे काय असेल ते. मग दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा मोजा. तेव्हा तुम्ही तिथे नसणार, म्हणून आजीला फोन लावा. ती आकडा सांगणार नाही, नावं सांगेल. आपलं घर, समोरच्या काकूंचं आणि वरच्या अंगाला ते रिटायर झालेले गुरुजी. संपलं. बाकीच्या घरांना कुलपं, आणि त्यातल्या निम्म्या कुलपांच्या किल्ल्या आजीकडेच. जुडगा आहे तिच्याकडे. कुणाच्या घरात पाणी गळतंय का, कुणाच्या फणसावर माकडं बसलीत का, हे बघायचं कामही न सांगता तिच्याकडेच आलेलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या आज अशा आहेत. त्यावर 'गावं ओस पडली हो' असं म्हणून हळहळणारे लेख तुम्ही शाळेपासून वाचले असतील. त्यांचा कंटाळाही आला असेल. हा तसला लेख नाही. या प्रकारात एक साधं गणित आहे आणि त्या गणितात तुम्ही स्वतः आहात, एवढंच सांगायचंय.

आधी आकडे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९६ हजार ७७७. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, ती झाली १६ लाख १५ हजार ६९. म्हणजे ८१ हजारांहून जास्त माणसं कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला होता. तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्हे घटले: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहराचं कारण वेगळं, तिथली माणसं परवडत नाही म्हणून पुढे उपनगरांत, ठाण्याला, विरारला सरकली. आपल्याकडे मात्र माणसं निघून गेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे ही घट पुढे किती वाढली ते कागदावर आलं नाही. वाडीतले दिवे मोजा म्हटलं ते म्हणूनच.

आता कुठलाही समाज म्हातारा होतो तो साधारण दोन कारणांनी. मुलं कमी जन्मतात आणि माणसं जास्त जगतात. दोन्ही आपल्याकडे झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होतात. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. २०११ मध्ये राज्यातले ९.९ टक्के लोक साठीच्या वर होते, देशाचा आकडा होता ८.६. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशात साठीपुढचे जवळपास २२ कोटी ७० लाख लोक असतील, म्हणजे दर शंभरात पंधरा.

रत्नागिरीत याला तिसरं कारण जोडलं गेलंय, आणि तेच सगळ्यात मोठं. जाण्याचं.

हे आजचं नाही. गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून कोकणी माणूस आधी बोटीने, मग एसटीने मुंबईला जातोय. तो लालबाग-परळच्या चाळीत, त्याचं घर इकडे, आणि मध्ये मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यातले कितीतरी कोकणातले. संपानंतर बरेच जण गावी परतले, पण त्यांची मुलं पुन्हा निघालीच. कुणी बँकेत, कुणी कुरिअरमध्ये, कुणी आखातात, पुढे आयटीत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा 'आता कोकणातला माणूस कोकणातच थांबेल' असं बोललं जायचं. रेल्वेने येणं सोपं केलं हे खरं, पण जाणंही तितकंच सोपं केलं.

आणि या गोष्टीचा एक भाग कुणी फारसा मोजत नाही. मुंबईला गेलेला माणूस रिटायर झाला, की पीएफच्या पैशांतून गावी चिऱ्याचं घर बांधतो आणि बायकोला घेऊन परत येतो. मुलं तिकडेच राहतात. म्हणजे जिल्ह्याबाहेर जातो तो वीस वर्षांचा, आणि जिल्ह्यात येतो तो साठ वर्षांचा. दोन्ही बाजूंनी गावाचं सरासरी वय वर चढतं. जपान म्हातारा व्हायला मुलं कमी व्हावी लागली. आपलं काम एका रेल्वे तिकिटात होतं.

एमपीएससीचा प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न पाठ असेल. राज्यात स्त्री-पुरुष प्रमाण सर्वांत जास्त कुठल्या जिल्ह्यात? उत्तर रत्नागिरी. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, तर राज्याचा आकडा ९२९. उत्तर लिहून आपण पुढे जातो, काहीजण 'बघा, आमच्याकडे मुलींना किती मान' असंही म्हणतात. आता त्याच जनगणनेतला दुसरा आकडा बघा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये रत्नागिरीत दर हजार मुलग्यांमागे ९३६ मुली. म्हणजे जन्माच्या वेळी इथेही मुलगे जास्तच. मग मोठेपणी बायका इतक्या जास्त कशा होतात? कारण मुलगे निघून जातात, आणि उतारवयात नवरे आधी जातात. ११२२ या आकड्यात गावी एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत. आणि त्या सुनाही, ज्यांचा नवरा नालासोपाऱ्याला आहे आणि ज्या इथे सासू-सासऱ्यांच्या गोळ्या, गुरं आणि मुलांची शाळा एकाच वेळी सांभाळतात.

ते सांभाळणं कुठल्याही आकड्यात येत नाही. त्या सुनेला विचारलं की काय करता, तर ती म्हणते, 'काय नाय, घरीच असतंय.'

पाखाडीला सवलत नाही

म्हातारपण शहरातही येतं, मग कोकणात वेगळं काय? वेगळी आहे ती जमीन. आपलं घर डांबरी रस्त्यावरून दिसत नाही. रस्ता सोडायचा, पाखाडी उतरायची, मध्ये व्हाळावर साकव, मग गडग्याच्या कडेने पुन्हा चढ, तेव्हा कुठे अंगण. विशीत या पायऱ्या तुमच्या लक्षातही येत नाहीत, दोन-दोन एकदम उडवता. सत्तरीत प्रत्येक पायरीचा हिशोब लागतो. जूनमध्ये त्यांच्यावर शेवाळ धरलं, की आजीचं जग ओटी, माजघर आणि परसू एवढंच उरतं. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर रस्त्यापर्यंत उचलून न्यायला चार माणसं लागतात. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण ती येते रस्त्यापर्यंत. खाली वाडीतून वर आणणार कोण? ती चार माणसं डोंबिवलीला आहेत.

२६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास ७५ च्या पुढच्या सगळ्यांना फुकट झाला. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे. ही योजना मनापासून चांगली आहे, स्टँडवर जाऊन बघा, किती म्हातारी माणसं तिच्या जोरावर देवाला, डॉक्टरला, लेकीकडे जातात. पण स्टॉपपर्यंतच्या पाखाडीला सवलत नाही. जिथे वाडीत एकच फेरी येते आणि तीही कधी रद्द होते, तिथे फुकट तिकीट खिशातच राहतं.

तीच गत बँकेची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात येतात. (केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा स्वतःचा वाटा २०० रुपये आहे. वर्षानुवर्षं तेवढाच. तुमच्या एका रिचार्जला पुरणार नाही.) ते काढायला अंगठा लावावा लागतो. आणि जन्मभर लावणी केलेल्या, चुलीची राख काढलेल्या, नारळ सोललेल्या बोटांवरचे ठसे झिजलेले असतात. मशीन म्हणतं पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा. मागे रांग. आजी ओशाळते, जणू तिचाच काही गुन्हा. ज्या हातांनी काम केलं तेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत, याचा राग यायला हवा खरं तर.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ज्येष्ठांची फार मोठी पाहणी केली. साठीपुढच्या दर चारांपैकी तिघांना एखादा तरी दीर्घकाळचा आजार आहे असं त्यात दिसलं. बीपी, शुगर, सांधे. यातलं काही ऑपरेशन करून संपणारं नाही. त्याला रोज बघणारं कुणीतरी लागतं. गोळी घेतली का, पाय सुजलाय का, कालपासून जेवण का गेलं नाही. रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, ही मोठी सोय झाली. पण म्हातारपणाचा बहुतेक भाग हॉस्पिटलबाहेर जातो.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं राहत नाही. वाडीत मुलं नाहीत म्हणून शाळेची पटसंख्या घटते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत, डोंगरी कोकणात त्या भरपूर. शाळा बंद व्हायची चर्चा सुरू झाली, की उरलेलं एखादं तरुण जोडपंही बिऱ्हाड हलवतं. लावणीला हात नाहीत म्हणून खाचरं पडीक पडतात. पडीक जमिनीत रान माजतं, रानात डुकरं येतात, माकडं थेट परसातल्या पोफळीपर्यंत, आणि मग ज्याने चिकाटीने भात लावलं होतं तोही पुढच्या वर्षी सोडून देतो. शिमग्याला पालखी नाचवायला मुंबईकर येतात म्हणून ती नाचते. पण पालखीला तारीख असते, मरणाला नसते. भर पावसात वाडीत कुणी गेलं तर खांदेकरी शेजारच्या गावातून बोलवावे लागतात.

हापूसच्या बागांत कोण काम करतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नेपाळी. राखण करायला, फवारायला, काढणीला, आंबा पेटीत भरायला. मच्छीमार बोटींवरसुद्धा नेपाळी खलाशी आहेत. त्यांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाहीये, ते नसते तर तुमच्या-माझ्या ताटात आंबा आलाच नसता. मुद्दा वेगळा आहे. ते पोर रत्नागिरीत आलं तेव्हा तिकडे डोंगरातल्या त्याच्या गावात कोण राहिलं? त्याची आई. रत्नागिरीचं पोर मुंबईला गेलं. आणि आता मुंबई-पुण्याचं पोर पुढे निघालंय.

तिकडची आजी, इकडची आजी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. इथल्या तरुणांना जर्मन शिकवायचं आणि तिकडे कामाला पाठवायचं, पहिल्या टप्प्यात १० हजार जण. यादीत इलेक्ट्रिशियन आहेत, ड्रायव्हर आहेत, आणि नर्सही आहेत. जर्मनीला ही माणसं का हवीत? तिथे दर पाचांतला एक जण ६५ च्या पुढचा आहे. जपानमध्ये तर दहांतले जवळपास तीन. तिथल्या २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी सापडली, त्यांना 'आकिया' असा शब्दच आहे. आपल्याकडे शब्द नाही, नुसतं 'बंद घर' म्हणतो.

म्हणजे असं होऊ शकतं की तुमच्याच वर्गातली एक मुलगी जीएनएम करेल, जर्मन शिकेल, श्टुटगार्टजवळच्या कुठल्याशा गावात एका जर्मन आजीला रोज सकाळी आंघोळ घालेल, तिची साखर तपासेल, तिला धरून चालवेल. त्याचा चांगला पगार मिळेल. आणि लांजा तालुक्यातली तिची स्वतःची आजी त्याच वेळी एकटी पाखाडी उतरत असेल.

यात त्या मुलीचं काय चुकलं? माझ्या मते काहीही नाही. तिने जावं. इथे तेच काम तिला कुणी पगार देऊन करायला सांगितलेलं नाही, उलट 'सून झाली की करेलच' असं गृहीत धरलंय. तिकडे ज्याला कौशल्य म्हणतात, त्याला आपण संस्कार म्हणतो, आणि संस्काराला पगार नसतो. म्हणून मला ते 'आजची पिढी आईबापांना विचारत नाही' वाले फॉरवर्ड आवडत नाहीत. दोषच द्यायचा तर कायदा आहे. २००७ च्या कायद्याने आईवडील मुलांकडून महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागू शकतात, प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो, वकीलही लागत नाही. छळ होत असेल, कुणी टाकून दिलं असेल, तर तो कायदा वापरायलाच हवा. पण ज्याचा मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो आणि तरीही रात्री अडीचला छातीत दुखलं तर चार तासांच्या आत पोहोचू शकत नाही, त्याच्यासाठी कुठलं कलम लावणार? त्याच्या घरी प्रेम आहे. तिथे जाऊ शकेल असं माणूस नाही.

हीच अडचण केरळला आपल्या आधी आली. तिथेही तरुण आखातात आणि गावात म्हातारे. २०११ मध्येच तिथले १२.६ टक्के लोक साठीच्या वर होते. १९९३ मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एक छोटी संस्था सुरू केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की डॉक्टर पुरणार नाहीत आणि सगळं डॉक्टरांनी करायची गरजही नाही. मग शेजारपाजाऱ्यांना शिकवलं. जखम कशी पुसायची, कूस कशी बदलायची, नुसतं बसून ऐकायचं कसं. विद्यार्थीही त्यात आले. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघर जाते. सगळं आलबेल आहे असं नाही, पण 'आमची आजी बघायला कुणी येतं का' या प्रश्नाला तिथे 'हो, गुरुवारी' असं उत्तर असू शकतं.

आपल्याकडे याला सुरुवात करायला फार मोठं काही लागणार नाही. एनएसएसमध्ये तुम्ही दोन वर्षांत २४० तास देता. सात दिवसांचं शिबिर होतं, बंधारा बांधता, भिंती रंगवता, पथनाट्य करता. बंधारा हवाच. पण त्यातले काही तास एका वाडीतल्या पाच घरांना वर्षभर दिले तर? नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो, अंगठ्याची कटकटच नाही. हे तुम्हाला दहा मिनिटांचं काम, आणि आजोबांची तालुक्याची एक खेप वाचते. १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन नंबर फोनच्या पाठीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. मेमधल्या शिबिरात पाखाडीला एका बाजूने लोखंडी पाइपचा कठडा लावा. पोटात घालून घ्यायची गोष्ट नाही, वेल्डिंगचं काम आहे, आयटीआयची मुलं दोन दिवसांत करतील.

आणि ज्यांना 'गावात राहून करणार काय' हा प्रश्न खरोखर पडलाय, त्यांनी हेही बघा की फिजिओथेरपिस्ट, घरी येणारी नर्स, होम हेल्थ एड, ही कामं यापुढे इथे वाढतच जाणार आहेत. चिपळूण-रत्नागिरीत पैसे देऊन माणूस ठेवायला तयार असलेली घरं आजही आहेत, त्यांना शिकलेलं, भरवशाचं माणूस मिळत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे मूळचे याच जिल्ह्यातले, १०४ वर्षं जगले. तेव्हा ते नवल होतं. तुमच्या पिढीत शंभरी गाठणारे शेजारी असतील आणि त्यांना रोज चालवणारं कुणीतरी लागेल.

२०३६ ला तुम्ही तिशीत असाल. तुमचे आईवडील साठीच्या आसपास. बहुतेक ते गावचं घर नीट करायचं म्हणत असतील, बाथरूम आत घ्यायची, ओटीला ग्रिल लावायचं. त्या आराखड्यात दोन गोष्टी आत्ताच घुसवा: कमोडशेजारी धरायला दांडा, आणि अंगणातून ओटीवर जाताना पायऱ्यांऐवजी उतार.

आणखी एक काम आहे, ते मात्र आजीचे पाय चालतायत तोवरच होण्यासारखं. सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात, निम्मे हयात नसतात, आणि आपली हद्द कुठून कुठे ते कागदावरून कळत नाही. कुठल्या फणसापाशी वळायचं, कुठला गडगा आपला आणि कुठला भावकीचा, हे फक्त तिला माहीत आहे. तिच्याबरोबर एकदा सगळी जमीन चालून घ्या, फोनवर रेकॉर्ड करत. मेमध्येच जा. पाऊस पडला, की रान वाढतं आणि गडगे दिसत नाहीत.